पाण्याच्या टाकीजवळचा वाघ

कोसमटोल्याच्या शाळेत वाघ आला, शाळा चार दिवस बंद राहिली, तपासणी समिती शिवेवरूनच परत गेली आणि माझी नोकरी संपली.

आता हे झालंच नाही असं समजू. मी तरी तसंच समजून सांगणार आहे. आज शनिवार आहे, नोकरी शाबूत आहे आणि विनोद माझा मित्र आहे.

मी सुरज. कोसमटोल्याच्या शाळेतला अंशकालीन कला शिक्षक. अंशकालीन म्हणजे आठवड्यातले तीन दिवस मी शिक्षक असतो आणि उरलेले चार दिवस गावात हिंडणारा एक माणूस असतो, ज्याला लोक उगाच सर म्हणतात. मूळ गाव चिमूर. चिमूरचा म्हटलं की लोकांना माझ्याकडून बेचाळीसच्या उठावाची अपेक्षा असते. मी आजवर फक्त सकाळच्या गजराविरुद्ध उठाव केला आहे, तोही झोपून.

दिवाळीनंतर पत्र आलं. जिल्ह्यातून समिती येईल, प्रत्येक अंशकालीन शिक्षकाचा एक पाठ बघेल. पाठात तंत्रज्ञान दिसलं पाहिजे. ज्याचा पाठ पास, तो राहील. ज्याचा नापास, त्याच्या शाळेला पाच शाळा मिळून एक कला शिक्षक मिळेल. म्हणजे मुलांना दर आठवड्याला एक पंचमांश शिक्षक. माझी पाळी सोमवारी, सकाळी अकरा वाजता.

तंत्रज्ञान म्हणावं तर शाळेत एक दूरदर्शन संच होता, त्यावर मुख्याध्यापक डबा ठेवत. गावात नेटवर्क हातपंपाच्या पूर्वेला तीन पावलं. माझा फोन बॅटरी पेटवली की गरम व्हायचा. थंडीत मी त्याचा तेवढाच उपयोग करायचो. पण डोक्यात पाठ मात्र भारी आला होता. गावातल्या बाया लग्नाच्या वेळी भिंतीवर पांढऱ्या मातीने मोर, हरणं, झाडं काढतात. मुलांनी तशीच जनावरं कागदावर काढायची. मग त्या कागदावर फोन धरला की पडद्यात ते जनावर कागदातून उठेल आणि बेंचवर चालायला लागेल. कागद खरा, बेंच खरा, जनावर फक्त फोनमध्ये. मुलांनी ओढलेल्या रेघेला पाय फुटताना त्यांनाच दिसले पाहिजेत, एवढीच माझी इच्छा होती. टाचणवहीत मी तिला ‘उद्दिष्ट’ म्हटलं. साहित्य या रकान्यात लिहिलं: कागद, खडू, फोन (विनोद सरांचा).

विनोद पाचवी-सहावीला मराठी आणि गणित शिकवायचा. तो कायम होता, मी अंशकालीन. पण खोली एक, चूल एक. तो रांधायचा, मी भांडी घासायचो. भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, भोंग्याच्या वेळांवर वाढलेला माणूस, म्हणून कुकरची शिट्टी झाली की आधी घड्याळ बघायचा. नोकरी लागली तेव्हा त्याच्या बाबांनी त्याला भारी फोन घेऊन दिला होता. असली चित्रं पेलणारा शाळेत तो एकच फोन. मी मागितला नव्हता. पत्र आलं त्याच दिवशी विनोदनं तो स्वतःहून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, पाठ होईपर्यंत हा तुझा.

आणखीही केलं त्यानं. टाचणातलं माझं शुद्धलेखन सुधारलं. दोन आठवडे रोज संध्याकाळी समिती बनून बसला, पायावर पाय टाकून, कपाळाला आठ्या घालून. मग समिती संपवून ढ विद्यार्थी व्हायचा. “सर, हरनाले चार पाय काऊन असतात?” असलं विचारून मला घाम फोडायचा. पाठ पस्तीस मिनिटांचा होता तो त्यानं कापून वीसवर आणला. हे मी मुद्दाम सांगतोय. त्याचा हिशेब नंतर कुठल्याच बाजूला बसत नाही.

चित्रांना पाय फोडण्याचं काम मदीहाचं. मुलचेऱ्यात तिच्या अब्बांचं, कय्यूमभाईंचं, फ्लेक्स आणि फोटोचं दुकान आहे. चंद्रपूरला डिप्लोमा करून ती ॲनिमेशन शिकली आणि परत येऊन लग्नपत्रिकेचे व्हिडिओ बनवू लागली, ज्यात नवरा-नवरी आकाशातून कमळावर उतरतात. आमच्या मुलांची चित्रं तिनं एकेक करून उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, “सर, यांच्यात जान आधीच हाय. मी फक्त सांधे बसवते.”

चित्रं एकोणीस होती. सगळ्यात अवघड सुकरीचं. सुकरी सहावीतली, गावच्या पुजाऱ्याची, मंगरूभाऊंची नात. तिनं अस्वल काढलं होतं. ते अस्वल कमी आणि धानाचं पोतं जास्त दिसत होतं, पण पोत्याला रागीट डोळे होते. सुकरीनं मला विचारलं, हे खरंच चालेल का. मी म्हटलं, सोमवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर चालेल. तिनं तारीख वहीच्या मागे लिहून घेतली. पोरगी व्यवहारी होती.

तर शनिवार. शाळा सुटल्यावर मदीहा स्कूटीवर आली, विनोदच्या फोनमध्ये सगळं भरलं आणि म्हणाली, आधी एक ट्रायल घेऊ. एकोणीस जनावरं ठीक चालली. पोत्याचं अस्वल तर असं डुलत निघालं की मी दोनदा पाहिलं. सोमवारपर्यंत मुलांना दाखवायचं नाही असं ठरलं. मग मदीहानं फुकट मिळालेला एक वाघ काढला. हा मुलांच्या चित्रातला नव्हता. इंटरनेटवरचा, खऱ्यासारखा, केसागणिक. उजेड आणि सावली नीट पडते का ते बघायला तिनं तो ठेवला होता. मोजमाप खऱ्या वाघाचं केलं आणि तो शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ उभा केला.

उभा राहिला. सावलीसकट. फक्त त्याचा डावा पुढचा पाय जमिनीपासून वीतभर वर, हवेत. मदीहानं दोनदा प्रयत्न केला, पाय खाली येईना.

“फोकट का वाघ हाय सर,” ती म्हणाली. “एक पाय तो जायेगाच.”

मग आम्ही वेडे झालो. मी रिकाम्या जागेत जाऊन उभा राहायचो आणि विनोद फोनमधून सांगायचा, थोडा डावीकडे, आता त्याच्या पाठीवर हात ठेव, आता त्याच्या तोंडात डोकं घाल. मी हवेत डोकं घालायचो. हसून हसून आम्ही टाकीच्या ओट्यावर बसलो. विनोदनं दहा-बारा फोटो काढले आणि फोन आपल्याच खिशात ठेवला. मदीहा गेली. उन्हं कलली. इतकी चांगली दुपार मला त्या गावात दुसरी मिळाली नाही.

इथपर्यंत अजून काहीच झालेलं नाही, हे लक्षात असू द्या.

रविवारी सकाळी हातपंपाच्या पूर्वेला तीन पावलांवर गर्दी होती. गावात वाघाच्या सूचनेचा एक ग्रुप आहे. कोणाला पट्टे दिसले, डरकाळी ऐकू आली, गाय गेली, की त्यावर टाकायचं. आमच्याकडे त्या ग्रुपची कोणी थट्टा करत नाही. त्या ग्रुपमुळे माणसं जिवंत आहेत. त्यावर सकाळी एक फोटो आला होता. आमच्या शाळेची टाकी. तिच्याजवळ वाघ. डावा पुढचा पाय उचललेला, जणू आता चालणार. कोणी कोणाला पाठवला, कुठून आला, काही नाही. पुढे पाठवलेला, एवढंच.

मी फोटो नीट पाहिला. डाव्या कडेला एक कोपर होतं. बाकी माणूस कापून टाकला होता. कोपर माझं होतं.

खोलीवर आलो तर विनोद चहा ठेवत होता. मी त्याला दुसऱ्याच्या फोनवरचा फोटो आणून दाखवला. तो म्हणाला, “अरे बापा. कोनं टाकलं?”

फोन एक. फोटो काढणारा एक. मी म्हटलं, पोरांच्या हातात पडला असेल. तो म्हणाला, हो, तसंच असन. आपला मित्र खोटं बोलायला चाचपडत होता, म्हणून मीच त्याला एक खोटं काढून दिलं. शाळेत पेन्सिल देतो तसं.

दुपारपर्यंत गाव कामाला लागलं. गावातल्या वाघ-दलाचा प्रमुख बिरजू. त्याच्याकडे खाकी जॅकेट, शिट्टी आणि काठी. तो चार जणांना घेऊन टाकीभोवती पंजे शोधायला निघाला. टाकीभोवती चिखल असतो, त्यात कुत्री असतात, वासरं असतात, सहावीचा वर्ग असतो. बिरजूला तीन पंजे सापडले. चौथा सापडला नाही, त्यामुळे वाघ फोटोतलाच असल्याची खात्री झाली. वनखात्याची दोन माणसं आली, त्यांनी झाडाला कॅमेरे बांधले आणि कागदावर लिहून घेतलं: नर, वय अंदाजे चार वर्षं, डाव्या पुढच्या पायाने लंगडा. फोटोच्या डाव्या कडेला झुडपाची फांदी दिसते, असंही लिहिलं. ती फांदी मी तिथेच उभा राहून पाहत होतो. कानामागे खाजवावंसं वाटलं, पण हात वर करायचा धीर झाला नाही.

लंगडा वाघ म्हणजे वाईट. त्याला हरीण सापडत नाही, मग तो माणसाकडे येतो. संध्याकाळच्या आत ठरलं, उद्या गाव बांधायचं.

गाव बांधणं म्हणजे पुजारी शिवेवर पूजा मांडतो, गावाला राखण मागतो आणि त्या दिवशी शिवेतून कोणी बाहेर जात नाही, कोणी आत येत नाही. पाहुणा असो, तलाठी असो, नवरदेव असो. उद्या म्हणजे सोमवार.

मी मंगरूभाऊंकडे गेलो. ते अंगणात वेळूची कामटी सोलत होते. सुकरी बाजूला, अस्वल गुंडाळून मांडीवर. मी सगळं सांगितलं. वाघ खोटा आहे, फोनमधला आहे, मुलचेऱ्याच्या मुलीनं बनवला, आणि बनवायला मीच सांगितला. हे सांगताना पुढचं सगळं मला दिसत होतं: अफवा पसरवली म्हणून चौकशी, समितीच्या कानावर जाणं. तरी सांगितलं. विनोदचं नाव तेवढं घेतलं नाही.

मंगरूभाऊंनी कामटी खाली ठेवली.

“खरा वाघ भूक लागली त येते,” ते म्हणाले. “पोट भरलं त जाते. हा तुहा कवा जाईन?”

मी म्हटलं, भाऊ, तो नाहीच.

“लेकरं घाबरले. बाया सरपणाले जाऊन नाई राह्यल्या. बिरजूले पंजे गवसले. नाई कसा?” त्यांनी पुन्हा कामटी उचलली. “खऱ्याले एकवेळ सोडता येते मास्तर. खोट्याले त बांधाच लागते.”

सुकरीनं फक्त विचारलं, मग अकराचं काय. मी म्हटलं, बघू. तिनं वहीची मागची बाजू उघडून तारखेकडे पाहिलं आणि वही मिटली.

सोमवारी साडेदहाला समितीची गाडी आली आणि शिवेवर थांबली. आडवा वेल बांधला होता, त्याच्या अलीकडे मंगरूभाऊ आणि सगळं गाव, पलीकडे समिती. समितीत दोन पुरुष आणि रंजीता मॅडम. पुरुषांना वाघ ऐकून गाडीतच बरं वाटत होतं. मॅडम उतरल्या. त्यांनी वेल पाहिला, मुलं पाहिली, घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, “गाव बांधलंय ना, मी नाही येत आत. तुम्ही तिथून शिकवा. मला इथून दिसतं.”

मी तयारीच्या त्या सगळ्या दिवसांत इतका भाग्यवान कधीच नव्हतो. मुलांना शिवेच्या आत ओळीत बसवलं. प्रत्येकापुढे त्याचं चित्र. पहिली सुकरी. मी पाठ सुरू केला, रेघ म्हणजे काय, रेघ कुठून येते, कुठे जाते. विनोदनं कापून दिल्याप्रमाणे तीन मिनिटांत तिथवर पोहोचलो. मग मागे वळून विनोदला म्हटलं, “फोन दे.”

तो हलला नाही.

“ॲप काढलं मी,” तो म्हणाला. “फोनमंदी जागा नोती.”

वाघाचे फोटो, वाघ, एकोणीस जनावरं, सगळं त्यानं पुसलं होतं. चौकशी झालीच तर त्याच्याकडे काही सापडू नये म्हणून. ज्या चिखलात त्यानं पाय ठेवला होता तो चिखलच काढून टाकला होता. मदीहाकडे दुसरी प्रत होती, पण ती त्या दिवशी बंगाली निर्वासितांच्या गावात एका लग्नाच्या शूटिंगला होती, आणि शेजारी असती तरी वेलाच्या पलीकडेच असती.

एकोणीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी विनोदकडे बघत होतो. तो आपल्या चपलेकडे बघत होता.

मग मी जे केलं ते टाचणात नाही. मी सुकरीचं चित्र मॅडमना दिसेल असं वर धरलं, ते पुन्हा खाली ठेवलं आणि स्वतः हातापायावर आलो. वेलाच्या कडेकडेनं, पोत्यासारखा डुलत, रागीट डोळे करून, मी अस्वल होऊन चाललो. मुलं हसली. बिरजू हसला. गाडीतल्या एका साहेबांनी काच खाली केली. मग मी मोर झालो, मग हरीण, मग चैतूनं काढलेला खेकडा, जो आडवा चालल्यामुळे दोनदा वेलाला लागला. एकोणीस जनावरं केली. शेवटी गुडघ्याला रक्त आलं होतं.

“सर,” सुकरी म्हणाली, “अस्वल असं नाई चालत.”

मॅडमनी सगळं शांतपणे पाहिलं. लिहिताना थोडा वेळ पेन थांबलं. मग कागद वर धरून त्यांनी मुख्याध्यापकांना लांबूनच वाचून दाखवला. अध्यापन: उत्साही. विद्यार्थी सहभाग: उत्तम. तंत्रज्ञान: नाही.

त्या दुपारी विनोदनं भात लावला. गाव बांधलेलं, बाहेर जायची सोय नाही, म्हणून आम्ही दोघं एकाच चुलीसमोर. मी एकच शब्द बोललो. “काऊन?”

त्यानं सांगितलं. जून महिन्यापासून त्याच्या वर्गाच्या चाचण्या झाल्याच नव्हत्या. गुण मात्र भरलेले होते, घरी बसून, अंदाजाने. समिती आली की कलेचा पाठ झाल्यावर पाचवी-सहावीच्या पोरांना उभं करून वाचायला लावणार हे त्याला शुक्रवारी कळलं. आमच्याकडे वाघ दिसला की शाळा बंद राहते, समिती पुढच्या महिन्यावर जाते. तेवढा एक महिना त्याला हवा होता. गाव बांधतील, समिती वेलाशी येऊन उभी राहील, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

“तुह्या पाठाले मी कापलं नाई,” तो म्हणाला. “समितीले टाळलं.”

मी म्हटलं, फोटोतून तर मलाच कापलं.

तो भात चिवडू लागला. मग म्हणाला, “वाघ त तुहाच होता ना. अन् खरं सांगू, मले वाटलं तू हासशील. तू सगळ्याच गोष्टीवर हासतेस.”

आणि मी हसलो. सवय असते. चांगला मोठ्यानं हसलो. त्याला हायसं वाटलं, त्यानं मला आणखी भात वाढला. तो भात मी खाल्ला, भांडी घासली, कुकर पालथा घातला. तेव्हापासून मला कशावर हसू आलं की आधी आपलंच कोपर चाचपून बघावंसं वाटतं.

पुढचं तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगितलं होतं, आणि ते झालंच नाही असं आपलं ठरलं होतं. ते मात्र आता मला जमत नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं. विनोदच्या चाचण्या कोणी विचारल्याच नाहीत. बिरजूला नवं जॅकेट मिळालं. वाघाला नोंदवहीत क्रमांक मिळाला. कॅमेऱ्यात तो एकदाही आला नाही, म्हणून ‘अत्यंत सावध’ असा शेरा आहे. निघायच्या दिवशी मदीहा तिचा फोन घेऊन आली आणि सुकरीच्या कागदावर धरला. अस्वल उठलं, डुलत डुलत वहीच्या टोकापर्यंत गेलं. सुकरीनं ते पूर्ण बघितलं.

“हे बराबर चालते,” ती म्हणाली. “सोमवारी याले काऊन नाई आनलं?”

विनोदनं माझी ट्रंक बसपर्यंत आणली. चिमूरला आल्यावर मी आयुष्यातला पहिला उठाव केला. तो खाली देत आहे.

प्रति,
मा. साहेब (जे असतील ते)

विषय: नोंदणीकृत वाघ कला विषयाकडे वर्ग करणेबाबत.

महोदय,

कोसमटोला येथील पाण्याच्या टाकीजवळ दिसून आलेला, डाव्या पुढच्या पायाने लंगडा व अत्यंत सावध असा नर वाघ हा अर्जदार व मुलचेरा येथील कु. मदीहा यांनी कला विषयाच्या पाठाकरिता उभा केलेला असून त्याचा पाय दुरुस्त झालेला आहे. सबब सदर वाघास वन्यजीवांच्या नोंदीतून कमी करून कला विषयाच्या शैक्षणिक साहित्यात दाखल करून घ्यावे. पंचनाम्यातील ‘झुडपाची फांदी’ ही अर्जदाराच्या उजव्या कोपराच्या नावे करून द्यावी. तसेच सदर फोटो ज्या शनिवारी दुपारी काढण्यात आला, ती दुपार, त्यातील ओट्यासह, दोन्ही मित्रांसह व सर्व हसण्यासह, फोटो पुढे पाठवण्यापूर्वी ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत अर्जदारास परत मिळावी, ही नम्र विनंती.